लिहायचं ‘हाय’, म्हणायचं ‘आय’

सातारा-कोल्हापूरकडच्या दुकानात ‘साखर हाय का?’ असं विचारतात, तेव्हा त्या तीन शब्दांत स्पेन किंवा पेरूच्या प्रवासाला पुरेल असं वाक्य तयार असतं. स्पॅनिशमध्ये एच, ए आणि वाय ही तीन अक्षरं मिळून एक शब्द होतो. कागदावर तो ‘हाय’ दिसतो आणि त्याचा अर्थही आपल्या गावाकडच्या ‘हाय’चाच, म्हणजे ‘आहे’. उच्चार मात्र ‘आय’, कारण स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा एच लिहितात पण बोलत नाहीत. हे साम्य निव्वळ योगायोगाचं. आपला ‘आहे’ वेगळ्या मुळातून आलेला आणि हा ‘आय’ वेगळ्या. लॅटिनमधल्या ‘असणं, बाळगणं’ या अर्थाच्या क्रियापदाचं ‘आ’ हे रूप आणि जुन्या स्पॅनिशमधला ‘तिथे’ या अर्थाचा ‘ई’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि त्यांचा ‘आय’ झाला. योगायोग असला तरी लक्षात ठेवायला याहून चांगली खूण मराठी माणसाला मिळणार नाही.

प्रवासासाठी स्पॅनिश शिकायचं म्हटलं की बहुतेक पुस्तिका ‘माझं नाव अमुक’पासून सुरू होतात. परक्या गावात दिवसभर आपलं नाव कितीदा सांगावं लागतं? त्याउलट, पाणी आहे का, खोली आहे का, गाडी आहे का, सुट्टे आहेत का, मांसाशिवाय काही आहे का, हे प्रश्न सकाळपासून रात्रीपर्यंत सुटत नाहीत. या सगळ्यांचा साचा एकच: ‘आय’ आणि त्यापुढे हव्या त्या वस्तूचं नाव. आय आग्वा? पाणी आहे का? आय त्रेन? गाडी आहे का? वस्तू एक असो की दहा, ‘आय’ बदलत नाही. मराठीत ‘खाट आहे’चं ‘खाटा आहेत’ होतं, स्पॅनिशमध्ये ‘आय उना कामा’ आणि ‘आय मूचास कामास’, दोन्हीकडे तोच ‘आय’. क्रियापदांचे तक्ते पाठ करण्याआधी हा एक शब्द पक्का करावा, असं माझं ठाम मत आहे.

या शब्दाची आणखी एक मोठी सोय आहे. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे आणि तिचे उच्चार गावोगावी बदलतात. माद्रिदमध्ये फार्मसीला ‘फार्माथ्या’ म्हणतात, मेक्सिकोत ‘फार्मास्या’. किल्लीला बहुतेक ठिकाणी ‘याबे’ म्हणतात, ब्युनोस आयरेसमध्ये ‘शाबे’. आंदालुसियात आणि क्युबात शब्दातला ‘स’ इतका पुसट होतो की ‘एस्ता’चा ‘एहता’ ऐकू येतो. ‘आय’मध्ये यातलं काहीच नाही. ना स, ना थ, ना र. ब्युनोस आयरेसमध्ये वायचा ‘श’ होतो, पण तो स्वराच्या आधी आलेल्या वायचा. शब्दाच्या शेवटचा वाय तिथेही ‘य’च राहतो. त्यामुळे एकदा शिकलेला ‘आय’ सेविल्यात, हवानात आणि ला पासमध्ये जसाच्या तसा चालतो.

उच्चारात घोळ होतो तो दुसऱ्याच शब्दाशी. ‘तिथे’ला स्पॅनिशमध्ये ‘आई’ म्हणतात. ‘आय’ एका झटक्यात, एकाच अवयवात, म्हणजे उच्चाराच्या एकाच तुकड्यात, म्हणायचा. ‘आई’चे दोन अवयव आणि आघात दुसऱ्यावर: आ-ईऽ. आपण आईला हाक मारताना जोर ‘आ’वर देतो. त्याच सवयीने स्पॅनिशमधला ‘आई’ म्हटला तर समोरच्याला ‘आय’ ऐकू येतं आणि ‘तिथे’च्या जागी ‘आहे’ पोचतं. तिसरा भिडू म्हणजे दुखलं-खुपलं की तोंडातून निघणारा ‘आय!’. त्याचा उच्चार आपल्या शब्दासारखाच, फक्त तो एचशिवाय लिहितात. तिन्हींचं शुद्धलेखन वेगळं राहावं म्हणून स्पॅनिश मुलांना एक वाक्य घोकायला लावतात: ‘आई आय उन ओम्ब्रे के दीसे आय’, म्हणजे ‘तिथे एक माणूस आहे जो आय म्हणतो’. मराठी जिभेला हे वाक्य फार लवकर बसतं. ते पाच-सहा वेळा मोठ्यांदा म्हणावं, ‘आई’च्या ‘ई’वर जोर देऊन.

देवनागरीत टिपणं काढण्याचा फायदा इथेच सुरू होतो. स्पॅनिशचे त, द, प, क हे आपल्या त, द, प, कशी छान जुळतात, त्यांत इंग्रजीतली हवा नसते. ‘त्रेन’ला ट्रेन म्हणू नये, ‘दोंदे’ला डोंडे म्हणू नये. बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांसाठी ‘ब’ लिहावा. जे या अक्षराला ‘ख’ लिहावा, पण म्हणताना उर्दूतल्या ‘ख़त’सारखा घासून म्हणावा. एटीएमला ‘काखेरो’ म्हणतात, तो ‘ख’ असा. स्पेनमधला ‘थ’ जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून काढतात. तो जमला नाही तर सरळ ‘स’ म्हणावा. सगळा लॅटिन अमेरिका ‘स’च म्हणतो आणि स्पेनमध्ये त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

ऐकताना मात्र संधी सोडवायची तयारी हवी. ‘नो आय आग्वा’ हे बोलण्यात ‘नोआयाग्वा’ होतं, ‘आय आल्गो’चं ‘आयाल्गो’ होतं. शब्दांमधली मोकळी जागा कागदावरच असते.

प्रश्न विचारताना मराठी माणसाची हमखास चूक होते ती सुरात. आपल्याकडे प्रश्नाचं काम ‘का’ करतो. ‘पाणी आहे का’ सपाट सुरात म्हटलं तरी तो प्रश्नच राहतो. स्पॅनिशमध्ये हो-नाहीच्या प्रश्नाला असा ‘का’ नाही आणि शब्दांचा क्रमही बदलत नाही. ‘आय आग्वा’ खाली उतरत्या सुरात म्हटलं तर ते ‘पाणी आहे’ हे विधान झालं. दुकानदार मान डोलावतो आणि आपण वाट बघत राहतो. सूर शेवटच्या शब्दावर वर न्यायचा, ‘पाणी?’ असा एकच शब्द विचारताना नेतो तसा. लिहिताना स्पॅनिश लोक वाक्याच्या आधीही उलटं प्रश्नचिन्ह घालतात, ते याचसाठी, की वाचणाऱ्याला सूर आधीच कळावा.

आणि विचारण्याआधी अभिवादन. आपण थेट ‘पाव आहे का हो?’ म्हणतो, त्या ‘हो’मध्येच सगळी आर्जवं येतात. ‘आय’ला असं आदरार्थी रूप नाही. त्यामुळे आधी ‘बुएनोस दियास’ किंवा दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’, वाटेत कुणाला थांबवायचं असेल तर ‘दिस्कुल्पे’ आणि शेवटी ‘पोर फाबोर’. कोलंबिया, पेरू, बोलिव्हियात तर अभिवादनाशिवाय विचारलेला प्रश्न उद्धट वाटतो आणि उत्तरही तसंच तुटक येतं.

आता जिथे शिकलेसवरलेलेही अडखळतात तो भाग. ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘एस्ता’ हा आणखी एक शब्द आहे. (तिसराही आहे, गुणधर्म सांगणारा ‘एस’, पण जागा विचारताना त्याची गरज नाही.) एखादी गोष्ट मुळात आहे की नाही, हे विचारायचं तर ‘आय’. ती आहे हे ठाऊक असताना कुठे आहे, हे विचारायचं तर ‘एस्ता’. ‘आय’पुढे ‘उन’, ‘उना’, आकडा, ‘आल्गुना’, ‘मूचो’ किंवा नुसतं नाम येतं. ‘एल’ किंवा ‘ला’ ही ‘तो ठरावीक’ असं सांगणारी उपपदं लागली की ‘एस्ता’. म्हणून ‘आय बान्यो?’ (स्वच्छतागृह आहे का?) बरोबर, ‘दोंदे एस्ता एल बान्यो?’ बरोबर, पण ‘आय एल बान्यो?’ चूक आणि ‘एस्ता उन बान्यो?’ही चूक.

हा भेद मराठीला नवा नाही, फक्त आपण तो क्रियापदाने दाखवत नाही, शब्दांच्या क्रमाने दाखवतो. ‘इथे दवाखाना आहे’ आणि ‘दवाखाना इथे आहे’ ही दोन वाक्यं म्हणून बघावीत. पहिल्यात दवाखाना असल्याची बातमी आहे, दुसऱ्यात ठरलेल्या दवाखान्याचा पत्ता. पहिलं वाक्य ‘आय’चं, दुसरं ‘एस्ता’चं. मनात मराठी वाक्य जुळवून बघितलं की दहापैकी नऊ वेळा योग्य शब्द हाती येतो. रस्त्यात दोन पायऱ्यांनी विचारणं सगळ्यात सोपं: ‘आय आल्गुना फार्मास्या पोर आकी?’, इथे जवळपास एखादं औषधाचं दुकान आहे का? होकार आला की ‘दोंदे एस्ता?’, कुठे आहे? रात्री-अपरात्री किंवा रविवारी औषध हवं असेल तर स्पेनमध्ये नुसतं फार्मास्या विचारून उपयोग नाही. पाळीवर उघडं ठेवलेलं दुकान ते ‘फार्मास्या दे ग्वार्द्या’. बंद दुकानांच्या दारावर त्या दिवशी कुणाची पाळी आहे ते लावलेलं असतं.

बान्योचा विषय निघालाच आहे तर दारावरची अक्षरंही सांगायला हवीत. स्पेनमध्ये पाटीवर ‘आसेओस’ किंवा ‘सेर्बिस्योस’ असतं, विचारताना ‘बान्यो’ म्हटलेलं सगळीकडे कळतं. दारावर एम असेल तर ते बायकांचं, ‘मुखेरेस’चं. पुरुषांसाठी एच (ओम्ब्रेस) किंवा सी (काबायेरोस). इंग्रजीच्या सवयीने एम म्हणजे मेन समजून आत शिरणारे बरेच. नळावरच्या सीचंही तसंच. सी म्हणजे ‘कालिएंते’, गरम. गार पाण्याला एफ, ‘फ्रिया’. ‘आय आग्वा कालिएंते?’ हा प्रश्न अँडीजमधल्या स्वस्त लॉजमध्ये पैसे देण्याआधी विचारावा, खोली बघून झाल्यावर लगेच.

‘आय’पुढे ठेवायची नामं पाठ करताना गोव्या-कोकणातून आलेले शब्द मदतीला येतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिचे बरेच शब्द मराठीत इतके मुरले आहेत की परके वाटत नाहीत. पाव तिकडे ‘पान’ आहे, साबण ‘खाबोन’, चावी ‘याबे’. कोकणात अंग पुसायच्या पंचाला तुवाल म्हणतात, तो तिकडे ‘तोआया’. आय खाबोन? आय तोआयास? एवढ्यावर खोलीची तपासणी पुरी होते. बटाट्याशी मात्र जपून. स्पेनमध्ये बटाटा म्हणजे ‘पाताता’, लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. तिकडे ‘बाताता’ मागितला तर बहुधा रताळं मिळेल.

तिकिटाचा शब्दही देशागणिक वेगळा. स्पेनमध्ये ‘बियेते’, मेक्सिकोत ‘बोलेतो’, पेरूत आणि चिलीत ‘पासाखे’, कोलंबियात ‘तिकेते’. प्रेक्षणीय स्थळाचं प्रवेशपत्र असेल तर ‘एन्त्रादा’. ‘आय एन्त्रादास पारा ओय?’, आजची तिकिटं आहेत का? स्पेनमधल्या ग्रानादा शहरात आलाम्ब्रा या जुन्या किल्ल्याच्या दारात या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ‘नो आय’ असतं. तिथल्या नस्री राजवाड्यांना वेळ ठरवून दिलेली, नावानिशी काढलेली तिकिटं लागतात आणि ती बरीच आधी संपतात. माद्रिदहून तोलेदोची गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते, पण तिच्यात जागा क्रमांकाने दिलेल्या असतात, उभ्याने जाता येत नाही. तिथे विचारायचं ‘आय प्लासास?’, जागा आहेत का. स्पेनमधल्या सान्तियागोच्या पायी यात्रेवर गॅलिसिया प्रांतातल्या सरकारी धर्मशाळांत आधी नोंदणी होत नाही, येईल त्या क्रमाने खाट मिळते. दाराशी ‘आय कामास?’ विचारायचं. दारावर ‘कोम्प्लेतो’ अशी पाटी दिसली तर विचारायचंही कारण नाही. जागा भरल्या आहेत, पुढच्या गावाकडे पावलं वळवायची.

प्रश्न शिकवणारे पुष्कळ, उत्तरं कुणी शिकवत नाही. खरी गरज त्यांचीच आहे, कारण नकाराचेही प्रकार असतात आणि पुढचा बेत त्यावर ठरतो. ‘नो आय’ म्हणजे नाही. ‘या नो आय’ म्हणजे होतं, संपलं, आता थांबू नका. ‘तोदाबिया नो आय’ म्हणजे अजून आलेलं नाही, थांबा किंवा परत या. ‘ओय नो आय’ म्हणजे आज नाही, उद्या विचारा. यातले ‘या’ आणि ‘तोदाबिया’ कानाला वेगळे लागले नाहीत तर माणूस संपलेल्या भाकरीसाठी रांगेत उभा राहतो आणि येऊ घातलेल्या बससमोरून निघून जातो. ‘आय’ आणि ‘ओय’ हे दोन शब्द शेजारी ठेवून कानाला सवय लावावी: ‘ओय आय त्रेन?’, आज गाडी आहे का. थोडंच उरलं असेल तर ‘केदान दोस’ असं उत्तर येतं, दोन शिल्लक आहेत.

लॅटिन अमेरिकेत ‘नो आय’ने सुरू होणारे काही जोड दर दोन-चार दिवसांनी भेटतात. ‘नो आय काम्ब्यो’, सुट्टे नाहीत. बोलिव्हियातल्या बाजारात मोठी नोट पुढे केली की हेच ऐकू येतं, आणि विक्री सोडून देतील पण सुट्ट्यांसाठी धावणार नाहीत. पेरूत सुट्ट्यांना ‘सेन्सीयो’ म्हणतात. मोठ्या नोटा सकाळी सुपरमार्केटात मोडून घ्याव्यात. ‘नो आय लूस’, वीज नाही. ‘नो आय सिस्तेमा’ हे बँकेच्या किंवा बसच्या खिडकीवर ऐकाल. आपल्या ‘सर्व्हर डाऊन आहे’चं ते स्पॅनिश रूप, आणि वाद घालून दोन्हीकडे काही होत नाही. ‘नो आय पासो’ म्हणजे पुढे रस्ता बंद. बोलिव्हियात आणि दक्षिण पेरूत आंदोलनं झाली की महामार्ग अडवतात, त्याला ‘ब्लोकेओ’ म्हणतात. लांबच्या बसचं तिकीट काढण्याआधी ‘आय ब्लोकेओ?’ विचारून घेणं हा तिथला साधा रिवाज आहे.

जेवणाचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना सगळ्यात जवळचा. ‘आय आल्गो सिन कार्ने?’, मांसाशिवाय काही आहे का? वाक्य अचूक आहे, पण स्पेनमध्ये तेवढ्यावर विसंबू नये. ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो. त्यात डुकराच्या खारवलेल्या मांडीचे बारीक काप, म्हणजे ‘खामोन’, धरतीलच असं नाही, आणि ‘आतून’, म्हणजे ट्यूना मासा, तर नाहीच. भाज्यांचं सॅलड म्हणून मागवलेल्या थाळीवर ट्यूना पसरलेला येतो. डाळीच्या आमटीत हाडांचा रस्सा असतो. म्हणून नावं घेऊन सांगावं: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’, म्हणजे मांस, मासे, खामोन यांतलं काही नको. मग पदार्थाकडे बोट दाखवून विचारावं, ‘येबा काल्दो दे पोयो?’, यात कोंबडीचा रस्सा आहे का? इथे ‘आय’ चालत नाही. पदार्थात काय घातलंय ते ‘येबा’ने विचारतात. मेक्सिकोत घोटलेल्या घेवड्याच्या डाळीसाठी ‘येबा मान्तेका?’ हा प्रश्न हवाच, कारण ती पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. तोच ‘मान्तेका’ अर्जेंटिनात साधं लोणी असतो, तिथे घाबरायचं कारण नाही.

स्पेनमध्ये ‘आय मेनू?’ विचारलं तर पदार्थांची यादी मिळत नाही. मेनू म्हणजे दुपारचं ठरल्या भावाचं पूर्ण जेवण, आपल्या राइस प्लेटच्या जातीचं: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. तो बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवशी, दीड ते साडेतीनच्या सुमारास मिळतो. यादी हवी असेल तर ‘ला कार्ता’ मागायचं. मेक्सिकोतल्या लहान खानावळीत यादी नसतेच. तिथे ‘के आय दे कोमेर?’ विचारायचं, जेवायला काय आहे, आणि मालकीणबाई एका दमात सांगतील ते नीट ऐकायचं.

या शब्दाचं दुसरं अर्धं आयुष्य ‘आय के’मध्ये आहे. त्याच्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप ठेवलं की ‘करायचं आहे’ असा अर्थ होतो. कुणी करायचं हे सांगावं लागत नाही, मराठीच्या ‘-यचं’सारखंच. ‘आय के बाखार?’, उतरायचं का? ‘आय के रेसेर्बार?’, आधी जागा राखून ठेवायची का? ‘आय के साकार नूमेरो’, क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची असते. हे शेवटचं वाक्य बँकेत, स्टेशनात आणि स्पेनमधल्या मासळीच्या दुकानातही ऐकू येतं. चिठ्ठी न घेता उभं राहिलं तर नंबर कधीच लागत नाही. ‘आय के पागार?’, पैसे भरायचे का? हा ‘पागार’ ऐकून कान टवकारतील, कारण आपला पगार पोर्तुगीज ‘पागार’वरूनच आला. तिकडे द्यायचे ते पैसे इथे महिन्याच्या शेवटी घ्यायचे झाले.

नकारात थोडं सांभाळावं लागतं. ‘नो आय के पागार’ म्हणजे पैसे द्यायची गरज नाही. ‘नो आय के तोकार’ म्हणजे हात लावायचा नाही. रचना एकच, पण एकीकडे सूट आणि दुसरीकडे मनाई. मराठीत ‘पैसे द्यायचे नाहीत’ आणि ‘हात लावायचा नाही’ यांत हेच होतं आणि आपण संदर्भावरून ओळखतो. तिकडेही तेच करायचं. शंका असली तर ‘से पुएदे?’ विचारावं, चालेल का? त्याला ‘सी’ किंवा ‘नो’ असं सरळ उत्तर येतं.

भूतकाळात ‘आय’चा ‘आबीया’ होतो, भविष्यात ‘आब्रा’. ‘मान्याना आब्रा’, उद्या असेल, एवढं ओळखता आलं तरी आठवड्याभराच्या प्रवासाला पुरे.

खोली मिळाली, रस्ता कळला की आपण ‘ग्रास्यास’ म्हणतो. त्यावर कुणी ‘दे नादा’ म्हणतं, आणि कुणी, विशेषतः वयस्कर माणसं, ‘नो आय दे के’ म्हणतात. दिवसभर ‘नो आय’ ऐकून कंटाळलेल्या कानाला तो आणखी एक नकार वाटतो. तो नकार नव्हे. आभार मानण्यासारखं काही नाही हो, असा त्याचा अर्थ.